दिसणे आणि पाहणे



चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाटाच्या अगोदर पोफळी हे गाव लागते. पोफळी म्हणजे सुपारीचे झाड, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. घाटावरच्या वाचकांसाठी सांगितले. गावासमोर सह्याद्रीची उभी भिंत आहे. पावसाळ्यात तिच्या अंगावरून पांढरे धबधबे उतरतात. पायथ्याशी विजेच्या तारा वाहून नेणारे पोलादी मनोरे ओळीने उभे आहेत. इतके सारे पाहण्यासारखे समोर असताना सकाळी एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींकडे पाहा. बहुतेकांच्या माना खाली. कानांत बोंडे. उजवा अंगठा मोबाईलच्या पडद्यावर सरकतो आहे. गाडी येऊन थांबते, वाहक घंटी वाजवतो, तेव्हा कुठे काहींच्या माना वर होतात.

हे चित्र काही एकट्या पोफळीचे नाही. पुण्यात, मुंबईत आणि परदेशांतही ते असेच दिसेल. वडीलमंडळी ते पाहून “आजकालची मुले...” अशी सुरुवात करतात आणि थोड्या वेळाने स्वतःच्या मोबाईलमध्ये मान घालतात! आपण कोणालाच रागावणार नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभेल असा एक प्रश्न तेवढा विचारू. डोळे उघडे आहेत, कान शाबूत आहेत. मग शेजारची वस्तू दिसत का नाही?

डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची पद्धत आहे. पुढे भिंग, मागे पडदा. तुलना सोयीची आहे, पण अर्धवट आहे. कॅमेऱ्यातले चित्र कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट असते. डोळ्याचे तसे नाही. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि नखाकडे टक लावून पाहा. त्या नखाएवढाच भाग तुम्हांला अगदी स्पष्ट दिसतो. त्याच्या आजूबाजूचे सारे थोडे पुसट असते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा आहे, तेथेच बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी असते. म्हणून डोळा सतत इकडेतिकडे फिरत राहतो आणि मेंदू या तुकड्यांतून एक अखंड चित्र रचतो.

डोळ्याला कुठे फिरवायचे, आलेल्या तुकड्यांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे कोण ठरवते? याचे उत्तर ‘लक्ष’ या दोन अक्षरी शब्दात आहे. प्रकाश डोळ्यात शिरला म्हणजे वस्तू ‘दिसली’ असे आपण समजतो. पण लक्ष तिकडे नसेल, तर ती ‘पाहिली’ जात नाही. दिसणे आणि पाहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

विदूषक कोणी पाहिला?

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे. याचे प्रयोग झाले आहेत. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्रिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रेक्षकांना एक लहान चित्रफीत दाखवायची. तीत काही खेळाडू पांढऱ्या आणि काही काळ्या सदऱ्यांत एकमेकांकडे चेंडू फेकत आहेत. पांढऱ्या सदऱ्यांनी किती वेळा चेंडू फेकला, हे प्रेक्षकांनी मोजायचे. खेळ चालू असताना गोरिलाचा वेष घेतलेला एक माणूस मधोमध येतो, छाती बडवतो आणि निघून जातो. तो पडद्यावर सुमारे नऊ सेकंद असतो. नंतर विचारले, “गोरिला पाहिलात का?” सुमारे निम्म्या प्रेक्षकांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांची दृष्टी उत्तम होती, नजरही पडद्यावरच होती. लक्ष मात्र मोजण्यात गुंतले होते.

दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विदूषकाला एकचाकी सायकलवर बसवून फिरवले. चौकातून गेलेल्या लोकांना पुढे गाठून, “आत्ता विदूषक पाहिलात का?” असे विचारले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकट्याने चालणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ५१ जणांनी विदूषक पाहिला होता. संगीत ऐकत चालणाऱ्यांत हे प्रमाण ६१ होते. दोघे मिळून गप्पा मारत जाणाऱ्यांत ७१ होते. आणि मोबाईलवर बोलत जाणाऱ्यांत? अवघे २५!

या आकड्यांत एक गंमत आहे, ती सोडू नका. शेजारच्या मित्राशी बोलणे हेही बोलणेच. मग त्या जोडीला विदूषक सर्वांत जास्त का दिसावा? कारण सोपे आहे. सोबत्याचे डोळेही त्याच रस्त्यावर असतात. एकाला दिसले की तो दुसऱ्याला सांगतो. रस्ता ओलांडताना बोलणे आपोआप थांबते. मोबाईलच्या पलीकडच्या माणसाला मात्र तुमच्यासमोरचा रस्ता दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो. शिवाय हे लोक मोबाईलवर केवळ बोलत होते. त्यांचे डोळे मोकळे होते. पडद्यावर डोळेही खिळलेले असतील तर काय होईल, याची कल्पना करा.

तीन सेकंदांचा हिशेब

आता थोडे गणित करू. घाट उतरून आलेला एक ट्रक पोफळीच्या रस्त्याने ताशी ५४ किलोमीटर वेगाने येत आहे असे समजा. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. (५४,००० भागिले ३,६००, स्वतः करून पाहा.)

समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ट्रक १५ मीटर पुढे येतो. रस्ता पावसाने ओला आहे. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे धरू. थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागून मिळते. २२५ भागिले ८ म्हणजे सुमारे २८ मीटर. एकूण झाले ४३ मीटर.

आता रस्ता ओलांडणाऱ्याकडे वळू. त्याने एक निरोप वाचला. फार नाही, तीन सेकंद. तेवढ्या वेळात ट्रक ४५ मीटर आला. म्हणजे वाचायला सुरुवात केली तेव्हा जो ट्रक ४५ मीटर दूर होता, तो मान वर केली तेव्हा अंगावर आहे. चालक सावध असेल आणि त्याने त्याच क्षणी पाहिले असेल, तर ट्रक जेमतेम दोन मीटर अलीकडे थांबेल. चालकानेही त्याच वेळी आपल्या मोबाईलकडे पाहिले असेल, तर गणित पुढे करण्याची गरज नाही.

कानांचेही असेच आहे. डोळे पुढचे पाहतात. पाठीमागची राखण कान करतात. डाव्या बाजूने आलेला आवाज डाव्या कानात अगोदर पोहोचतो आणि उजव्या कानात किंचित उशिरा. डोक्याची रुंदी आणि ध्वनीचा वेग लक्षात घेतला तर हा फरक फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा भाग इतकाच येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो! कानांत बोंडे घालून गाणे लावले की हे नाजूक यंत्र बाहेरच्या जगापुरते बंद पडते. विदूषक पाहायला संगीताची अडचण झाली नाही, कारण तो डोळ्यांसमोर होता. मागून येणारी गाडी डोळ्यांसमोर नसते. त्यातून आता विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. हळू चालताना त्यांचा आवाज जवळजवळ येतच नाही.

फूटपट्टीचा प्रयोग

तुमचा यावर विश्वास बसत नसेल तर उत्तमच! घरी प्रयोग करा. तीस सेंटिमीटरची एक फूटपट्टी आणि एक मित्र एवढेच साहित्य पुरे.

मित्राने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये असावी. बोटे पट्टीला लागलेली नसावीत. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. चिमटीपाशी कोणता आकडा आला तो वहीत टिपावा. असे दहा वेळा करून सरासरी काढा. पट्टी गुरुत्वाकर्षणाने पडते, म्हणून अंतरावरून काळ काढता येतो. अंतराच्या दुपटीला ९.८ ने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. मात्र अंतर मीटरमध्ये घ्यायला विसरू नका. १० सेंटिमीटर आले तर ०.१४ सेकंद, २० आले तर ०.२० सेकंद, ३० आले तर ०.२५ सेकंद.

आता हाच प्रयोग पुन्हा करा. पण या वेळी तोंडाने शंभरातून सात-सात वजा करत जा : ९३, ८६, ७९... तिसऱ्या वेळी दुसऱ्या हातात मोबाईल धरून एखादा निरोप मोठ्याने वाचा आणि वाचता वाचता पट्टी पकडण्याचा प्रयत्न करा. तिन्ही सरासऱ्या शेजारी शेजारी मांडा. पट्टी हातातून सुटून जमिनीवर पडली, तर तीही नोंद करा. तोही एक निष्कर्षच आहे. घरातील मोठ्या माणसांवरही हा प्रयोग करून पाहावा. त्यांचे आकडे पाहून तुम्हांला फार वाईट वाटणार नाही.

अंगठा थांबत का नाही?

धोका कळतो, तरी हात पुन्हा खिशाकडे जातो. असे का? बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. कळ दाबली की कबुतराला दाणा मिळतो, अशी पेटी त्याने केली होती. दाणा मिळणे बंद केल्यावर, पूर्वी दर खेपेस दाणा मिळणारे कबुतर लवकर कळ सोडून देई. पण दाणा कधी मिळेल, कधी नाही, असा बेभरवसा ज्याच्या वाट्याला आला होता, ते कबुतर कितीतरी वेळ चोच मारत बसे. मोबाईलच्या पडद्यावरही तसेच आहे. दहा चित्रे कंटाळवाणी, अकरावे मजेदार. मग कोण जाणे, बारावेही चांगले निघेल! अंगठा पुन्हा सरकतो. ही अनिश्चिततेची मोहिनी आहे. ती बनवणारे लोक हुशार आहेत आणि तुमचे लक्ष हाच त्यांचा व्यापार आहे. म्हणून ‘मन खंबीर करा’ असा कोरडा उपदेश येथे पुरा पडत नाही. काही व्यवस्था करावी लागते.

अशी व्यवस्था एका गावाने करून दाखवली. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या आणि अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा सुरू झाल्या तरी ते हातातून सुटेनात. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले की, रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि साडेआठला पुन्हा वाजवायचा. मधला दीड तास दूरदर्शन संच बंद आणि मोबाईलही बंद. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की, नियम एकट्या मुलांना नव्हता, साऱ्या गावाला होता. आपल्या सोबत्यांपैकी कोणीच पडद्यावर नसेल, तर आपल्यालाही तेथे काही चुकल्यासारखे वाटत नाही. भोंगा नसला तरी चार मित्र मिळून असा करार तुम्हीही करू शकाल.

एक बादली पाणी

आता पोफळीचा डोंगर पुन्हा नीट पाहू. त्याच्या पोटात काय आहे, ठाऊक आहे काय?

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कड्याला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. म्हणजे अरबी समुद्र इतका जवळ असताना तिचे पाणी सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. पण तिच्या खोऱ्याची पश्चिमेकडची भिंत ओलांडली की कोकण एकदम खाली कोसळते. नदी उंचावर, गाव खाली, मध्ये फक्त एक डोंगर! कोणी तरी हे डोळसपणे पाहिले आणि त्यातून एक प्रचंड योजना उभी राहिली. कोयनेवर धरण बांधून शिवसागर जलाशय तयार झाला. डोंगरातून बोगदा खणला आणि जलाशयाचे पाणी पश्चिमेला वळवून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले. येथे १९६२ साली वीज निर्माण होऊ लागली. पाण्याच्या धारा पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतात, चक्र फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. हेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा वीज घेतात आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते. सर्व टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

याचा मोबाईलशी काय संबंध? हिशेब करा. आजच्या साधारण मोबाईलच्या बॅटरीवर ५,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. तिचा दाब सुमारे ३.८५ व्होल्ट असतो. दोहोंवरून तीत साठणारी ऊर्जा सुमारे ७० हजार ज्यूल येते. चक्र, जनित्र, तारा आणि चार्जर यांत काही ऊर्जा वाया जाते. शंभरातले सत्तर भाग बॅटरीत पोहोचतात असे अंदाजाने धरू. म्हणजे पाण्याकडून एक लाख ज्यूल हवेत. एक लिटर पाणी, म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमान, ४७५ मीटर खाली आले की ९.८ गुणिले ४७५, म्हणजे सुमारे ४,६५५ ज्यूल देते. एक लाखाला याने भागा. उत्तर येते सुमारे साडेएकवीस लिटर.

एक मोठी बादलीभर पाणी! रात्री मोबाईल चार्जिंगला लावला की जणू एक बादली पाणी कोणी सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली ओतले. अर्थात तुमच्या घरातील वीज नेमकी कोयनेचीच असेल असे नाही. राज्यातील कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची, सूर्याची वीज एकाच जाळ्यात मिसळते. परंतु कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे हवी तेव्हा काही मिनिटांत सुरू करता येतात, म्हणून विजेची मागणी वाढते त्या वेळी त्यांच्यावर मोठी भिस्त असते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे आणि पडदे एकदम उजळतात, ती वेळ त्यांतलीच. डोंगरातून पडणाऱ्या पाण्याने पडदा उजळतो आणि त्या पडद्यामुळे डोंगर दिसत नाही. असे होऊ नये, एवढेच या लेखाचे म्हणणे.

पाहणाऱ्याला काय मिळते?

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नरकुंडा’ या बोटीने भारतात परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई सर्वच प्रवाशांना दिसत होती. आकाशाचा निळा रंग पाण्यात परावर्तित होतो, असे तेव्हाचे स्पष्टीकरण होते. रामन यांच्याजवळ एक छोटा निकोल लोलक होता. त्यातून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळून पाहिले. निळाई तशीच राहिली! ती पाण्याच्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळे येते, असे रामन यांनी मांडले. या पाहण्यातून सुरू झालेले संशोधन २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’पर्यंत पोहोचले. बोटीवर त्या दिवशी फुरसत होती, समुद्र होता आणि लक्ष मोकळे होते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पाहण्याची सवय आणखी एका कारणासाठी हवी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. त्याच दिवशी रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि अनेकांचे प्राण गेले. अशा वेळी मोबाईलवर येणारी धोक्याची सूचना मोलाची असते. ती कधीही दुर्लक्षू नका. पण वीज गेली, बॅटरी संपली, मनोरा बंद पडला, तर? मग उतारावर पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, एका बाजूला कललेली झाडे आणि खांब, नेहमीपेक्षा वेगळा येणारा पऱ्याचा आवाज ही निसर्गाची सूचना वाचता आली पाहिजे. काल काय होते हे ज्याने पाहिलेले असते, त्यालाच आज काय बदलले ते कळते.

तेव्हा मोबाईल फेकून द्या असे कोणी सांगत नाही. चालताना, रस्ता ओलांडताना आणि पाण्याजवळ असताना तो खिशात ठेवा. काही पाहायचे असेल तर कडेला उभे राहून पाहा. आणि येत्या आठवड्यात पुढील प्रश्नांची उत्तरे आंतरजालावर न शोधता, स्वतः पाहून, वहीत लिहा :

तुमच्या घरापासून शाळेपर्यंत मोठी झाडे किती आणि कोणती? गावातले पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याला मिळते, आणि तो ओढा कोणत्या नदीला? सकाळी दहा वाजता शाळेच्या खांबाची सावली कोणत्या दिशेला पडते? महिन्याभराने ती त्याच जागी असेल काय? तुमच्या गावात विजेची तार कोणत्या बाजूने येते?

पहिल्या दिवशी पुष्कळ जागा कोऱ्या राहतील. आठव्या दिवशी वही पुन्हा उघडा आणि किती जागा भरल्या ते मोजा.